बाजारभाव संपले की निघायचं

उद्धवरावांनी आवाजाचा फेडर खाली ओढला, तोवर बाजारभाव सांगणारी मुलगी दुसऱ्यांदा कांद्यावर आली होती. गोळा कांदा, एक नंबर, दोन नंबर, सगळं पहिल्यापासून. त्यांनी एका हातानं माइक उघडून "श्रोतेहो, तांत्रिक कारणामुळे व्यत्यय आला, क्षमस्व" एवढं म्हटलं आणि दुसऱ्या हातानं भजन सोडलं. भजनाऐवजी सूर्यनमस्काराच्या सूचना लागल्या. "दीर्घ श्वास घ्या," एक भारदस्त आवाज म्हणाला. उद्धवरावांनी घेतला.

शुक्रवारची सकाळ होती. मंगळवारी 'रेडिओ भामातीर'वर नवी स्वयंचलित यंत्रणा बसली, त्याला आज चौथा दिवस. चाकणच्या बाहेर, माळवाडीच्या तोंडाशी, एका शिक्षणसंस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर हे केंद्र. आवाका दहा-बारा किलोमीटरचा. तेवढ्या टापूत भजन, बाजारभाव, आज वीज कुठं जाणार आणि कुठल्या कंपनीत भरती आहे, एवढं सांगितलं की लोक खूश असत. हे सगळं इतकी वर्षं एका जुनाट कॉम्प्युटरवर चाललं होतं. उद्धवराव त्याला घरच्या म्हशीसारखे ओळखून होते. कुठं थाप मारली की उठते, कुठं खाजवलं की पान्हा सोडते, ते त्यांनाच ठाऊक. नव्या यंत्रणेला असलं काही चालत नव्हतं. तिचं सगळं शिस्तीत, आणि शिस्तीत असूनही चुकीचं.

मंगळवारी प्रत्येक गाण्यानंतर अठरा सेकंद शांतता पसरली. बुधवारी निवेदिकेच्या 'नमस्कार'मधला फक्त 'स्कार' हवेत गेला, तोही दिवसभर. गुरुवारी सोमवारचे कांद्याचे भाव लागले आणि दोन शेतकरी भरलेली पिकअप घेऊन मार्केट यार्डात जाऊन आले. त्यांनी फोनवर उद्धवरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. उद्धवरावांनी तो शांतपणे ऐकून घेतला, कारण म्हणणं रास्त होतं.

"काका, जुन्या फाइलींची नावं जुन्या मराठी फॉन्टात होती," धम्मरत्न लॅपटॉपवरची मान वर न करता म्हणाला. "इकडे आणल्यावर त्यांची नुसती प्रश्नचिन्हं झाली. भजन कुठलं, भाव कुठले, ह्याला कळतच नाही. दोनेकशे राहिल्यात. आज संपवतो."

धम्मरत्न यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचा मुलगा. वय सव्वीस, घर संत तुकाराम नगरला, नोकरीला लागून तीन महिने. कायम व्हायला अजून तीन बाकी. रोज पहाटे मोटारसायकलवर येई आणि दुपारपर्यंत एकेक फाइल कानाला लावून ऐकत बसे. उद्धवरावांना त्याचा राग आला नव्हता. उलट पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला आपल्या डब्यातली भाकरी मोडून दिली होती.

सूर्यनमस्कार थांबवून त्यांनी खरं भजन शोधून लावलं आणि ते खुर्चीत टेकले. धम्मरत्ननं हेडफोन काढून गळ्यात घातला.

"काका, एक विचारू?"

"विचार की."

"जुन्या मशीनच्या वेळेत दोनशे चाळीस सेकंद जास्त टाकलेत. म्हणजे केंद्राचं घड्याळ चार मिनिटं पुढं. ते आपोआप होत नाही. हातानं टाकावं लागतं."

उद्धवरावांनी माइक बंद असल्याची पुन्हा एकदा खात्री केली.

"तिथं तारीख पण आहे. नऊ वर्षांपूर्वीची. आणि कुणी टाकलं त्याचं नाव." त्यानं हेडफोन पुन्हा कानावर चढवला. "मी कुणाला बोललो नाहीये."

त्या मशीनवर बसणारा माणूस एकच होता. नाव वाचून दाखवायची गरज नव्हती.

नऊ वर्षं उद्धवरावांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. अहमदपूरकडचं गाव सोडून ते इथं आले, केंद्रावर चिकटले, आणि पाठोपाठ मंजुळाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एका कंपनीच्या कँटीनमध्ये काम लागलं. कंपनीची बस सकाळी सहा दहाला माळवाडी फाट्यावर यायची आणि मंजुळाबाईंची रोज चुकायची. पंधरा दिवसांत सहा वेळा. लवकर निघत जा, असं उद्धवरावांनी सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. "बाजारभाव संपले की निघतेच की मी, अजून किती लवकर निघू?" हे ठरलेलं उत्तर. नवऱ्याचं न ऐकणारी बाई रेडिओचं मात्र ऐकत होती. मग एका सकाळी उद्धवरावांनी रेडिओचं घड्याळच चार मिनिटं पुढं केलं, आणि बाजारभाव तेवढे आधी संपायला लागले. बायकोची बस त्यानंतर एकदाही चुकली नाही.

मंजुळाबाईंचे गुडघे धरले तेव्हा त्यांनी काम सोडलं. पण तोवर वाडीतल्या इतर बायकांना त्याच बसनं कामं लागली होती. हाताला पीठ आणि तव्यावर भाकरी असताना घड्याळ कोण बघतं? बाजारभाव संपले की निघायचं, दहा मिनिटांत फाटा, बस उभी. अशी सवय एकदा लागली की ती मोडायची कशी? उद्धवरावांनी ते तसंच राहू दिलं. एकदा निवृत्त मुख्याध्यापक सोपानराव गुरुजींनी फोन केला, तुमची वेळ पुढं वाटते म्हणून. उद्धवरावांनी त्यांना घड्याळातला सेल बदलायला सांगितलं आणि गुरुजींनी तो बदललाही. घड्याळ लावावं तर भामातीरवर, असं लोक म्हणायचे. संस्थेनं एका वर्धापनदिनी वक्तशीरपणासाठी उद्धवरावांना शालही दिली होती. शाल घेताना त्यांचे कान तापले होते, पण घेतली.

आणि आता नव्या यंत्रणेनं, इतकं सगळं चुकवून, नेमकी वेळ तेवढी बरोबर लावली होती.

अकराच्या सुमारास जिन्यात बोलणं ऐकू आलं आणि गवराबाई केंद्रप्रमुखांच्या खोलीत शिरल्या. माळवाडीतलं जुनं घर त्यांचं. नऊवारी पातळ, हातात कापडी पिशवी. मागं त्यांची सून तेजल. तिच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अजून तसंच होतं. ती दारापाशीच उभी राहिली.

केंद्रप्रमुख दिग्विजय हा बत्तीस वर्षांचा, निगडीचा, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस. तो खुर्चीतून अर्धवट उठला. "या मावशी, बसा."

"बसाया न्हाई आले. तुमचा रेडू मागं चालतोय, त्येचं काय ते सांगा."

आवाज ऐकून उद्धवराव दारात आले. धम्मरत्न आधीच आत बसून दिग्विजयला फाइलींचा हिशेब देत होता.

"मागं म्हणजे?" दिग्विजयनं विचारलं.

"बाजारभाव सपलं का निगायचं, ही आमच्या वाडीची रीत हाय. मंगळवारी समद्या बाया निगाल्या आन् फाट्यावर बसचा धुरळा बगत उभ्या ऱ्हायल्या. टेंपो करून गेल्या. गेटावर समद्यांला लेटमार्क."

"बरं. आणि बुधवारी?"

"बुधवारी बाकीच्यांनी मोबाइल बगितला आन् बस गाठली. आमची तेजल रेडूवर चालती. तिचा इस्वास हाय. बुधवारी चुकली, काल बी चुकली. तीन मार्क झालं का ठेकेदार काडून टाकतो. म्हनला, उद्यापासनं येऊ नगंस. मग काल मी सोता त्येच्या हापिसात जाऊन बसले."

"मग काय म्हणाला?"

"रेडूवाल्यांची चूक व्हती आसं त्यांच्याकडनं लिवून आना म्हनला, मग मार्क पुसतो."

दिग्विजयनं तेजलकडं पाहिलं. "काय काम असतं ताई तुमच्याकडं?"

"वायरी जोडती," गवराबाई म्हणाल्या. "गाडीतल्या. हात लई जलद हाय तिचा. सायेब बी म्हनत्यात."

तेजल ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होती.

"एवढंच ना? लगेच देतो," दिग्विजय म्हणाला आणि कीबोर्ड जवळ ओढून स्वतःच टाइप करू लागला. टाइप करता करता मोठ्यानं वाचत होता. "नवीन स्वयंचलित यंत्रणेतील तांत्रिक बिघाडामुळे दिनांक अमुक ते अमुक या काळात प्रसारणाच्या वेळेत चार मिनिटांचा फरक पडला. चारच ना, धम्मरत्न?"

"सर, आत्ताची वेळ बरोबर आहे," धम्मरत्न हळूच म्हणाला.

"अरे असू दे. चार दिवसांत पन्नास गोष्टी बिघडल्यात, त्यात ही एक्कावन्नावी. ह्यांचं काम होतंय ना."

"हे आमच्या ऑफिसला जाईल का?"

"एक प्रत पाठवावी लागेल. रेकॉर्डला."

धम्मरत्ननं मान हलवली आणि लॅपटॉपचं झाकण बंद केलं. उद्धवरावांकडं त्यानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उद्धवरावांना त्याचा राग तरी आला असता, आणि मग गप्प बसणं सोपं गेलं असतं. पोरगा झाकणावर हात ठेवून नुसता बसून राहिला. एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारायला आपल्याला काही बोलावंही लागत नाहीये, हे उद्धवरावांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

"खोडा ते," ते म्हणाले.

"काय खोडू?"

"बिघाड नव्यात नाही. वेळ जुन्यात चुकीची होती. मी हातानं पुढं केली होती, नऊ वर्षांपूर्वी."

दिग्विजयची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली. "काका, कशासाठी पण?"

"एका बाईची बस चुकत होती."

"कोण बाई?"

"कामाला जाणारी एक," उद्धवराव म्हणाले. "कागद द्या. मी माझ्या हातानं लिहितो."

त्यांनी लिहिलं. अक्षर वळणदार होतं. 'एका महिला कामगाराची बस वरचेवर चुकत असल्याने मी कोणासही न सांगता केंद्राचे घड्याळ चार मिनिटे पुढे केले. परिसरातील महिलांना त्या वेळेची सवय झाली. नव्या यंत्रणेतील वेळ अचूक असून तिच्यात या बाबतीत दोष नाही. पूर्वसूचना न दिल्याने महिलांना झालेल्या उशिराची सर्व जबाबदारी माझी आहे.' खाली सही केली, तारीख घातली आणि दिग्विजयसमोर शिक्क्यासाठी धरलं. दिग्विजयनं ते दोनदा वाचलं. मग शिक्का मारला.

"संस्थेच्या अध्यक्षांना मी सांगतो," तो म्हणाला. "तुम्ही आपणहून जाऊ नका तिकडं."

गवराबाई इतका वेळ मनात काहीतरी जुळवत होत्या. "म्हंजी नऊ वर्सं आमी चार मिनटं आदी घर सोडलं?"

"व्हय, मावशी."

त्यांनी रागवायचं की नाही याचा विचार केला. "तरीच. बसवाला मेला रोज शिव्या खायचा, उशिरा येतो म्हनून. त्येची बिचाऱ्याची काय चूक?" असं म्हणून त्यांनी पत्र दोन्ही हातांनी घेतलं, घडी घालून पिशवीत ठेवलं आणि सुनेला म्हणाल्या, "चल गं."

तेजल त्यांच्यामागून जिना उतरली.

दुपारी डबा खाताना धम्मरत्ननं आपल्या डब्यातलं अंडं उद्धवरावांच्या झाकणात ठेवलं.

शनिवारी सगळं सुरळीत लागलं. नमस्कार पूर्ण ऐकू आला, कांद्याचे भाव एकदाच आणि त्याच दिवशीचे सांगितले गेले. बाजारभावाच्या आधी उद्धवरावांनी स्वतः माइक उघडून सांगितलं, की केंद्राची वेळ मंगळवारपासून बदलली आहे, फाट्यावर जाणाऱ्यांनी चार मिनिटं आधी निघावं. दहा वाजता गवराबाईंचा फोन आला. ठेकेदारानं पत्र वाचलं, एकदा हसला आणि तिन्ही मार्क पुसले. सोमवारी तेजल कामावर.

उद्धवरावांना फार बरं वाटलं. अध्यक्ष काय म्हणायचं ते म्हणोत, शाल परत मागितली तर तीही धुऊन, घडी घालून देऊ. ड्यूटी संपल्यावर ते मुद्दाम चाकणला गेले आणि शनिवारच्या बाजारातून अर्धा किलो जिलेबी घेऊन घरी आले. पत्रातली बाई कोण, ते आज मंजुळाला सांगून टाकायचं असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. नऊ वर्षं झाकून ठेवलेलं चांगलं काम उघड करताना माणसाला जरा लाज वाटते आणि जरा मजाही येते, तसं काहीतरी त्यांना होत होतं.

मंजुळाबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. गुडघा वाकत नसल्यामुळे एक पाय लांब केलेला. मोबाइल शेजारी पाटावर होता.

"तुमचं पत्र आलंय," त्या म्हणाल्या.

"कुठं आलंय?"

"सगळ्या बायांच्या मोबाइलवर फिरायलंय. शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं, मग मी बी वाचलं." त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "ती बाई म्हंजी मीच की."

"नाव नाही घातलं तुझं."

"दिसलं न्हाई घातलं ते."

उद्धवरावांनी जिलेबीचा पुडा पाटावर ठेवला आणि ते खाली बसले. "तुझी बस चुकायची. सांगून ऐकत नव्हतीस. मग मी म्हटलं, आपणच काहीतरी करावं."

मंजुळाबाईंचा हात सुपात फिरत राहिला.

"चुकत न्हवती," त्या म्हणाल्या.

"अगं, पंधरा दिवसांत सहा वेळा."

"मी चुकवायची."

उद्धवरावांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"गावाकडं बालवाडीत होते. लेकरं ताई म्हनायची, लेकरांच्या माया बी ताई म्हनायच्या. हितं येऊन सहाशे ताटं खरकटी. तोंडानं कसं म्हनू नगं म्हनून? तुमी कुनाकुनाला सांगून ते काम लावलेलं. म्हनलं, सहा-सात खाडे झाले की तुमीच म्हनताल, ऱ्हाऊ दे मंजुळा, नगं जाऊ."

"मग?"

"मग एक दिवस गेले तर बस उभी. दुसऱ्या दिवशी भाव संपल्यावर अजून दोन भांडी घासली अन् मग निघाले, तरी वळणावरच भेटली. डायवरनं थांबवली, बसा म्हनला. मला वाटलं, देवालाच पटत न्हाई आपलं. मग चुकवायची सोडून दिली."

"तीन वर्षं," उद्धवराव म्हणाले.

"तीन वर्षं अन् चार महिने."

त्या हे सगळं भाजीचा भाव सांगावा तशा सांगत होत्या, त्यात तक्रार नव्हती. उद्धवरावांना फार वाईट वाटलं. लांब केलेल्या त्या पायाकडं पाहावं की नाही, तेही त्यांना कळेना. ज्या गोष्टीवर नऊ वर्षं मनातल्या मनात खूश होत आलो, ती अशी निघाली. काहीतरी बोलायला हवं होतं. जे सुचत होतं ते सगळं नऊ वर्षांपूर्वी म्हणायचं होतं.

"तेव्हा सांगायचंस," ते शेवटी म्हणाले.

"जाऊ द्या. झालं ते झालं." मंजुळाबाईंनी सूप झटकलं, निवडलेली ज्वारी डब्यात ओतली आणि नवी पसरली. मग हात थांबवून त्यांनी विचारलं, "अन् त्या पोरीला इचारलंव का तुमी?"

"कोणत्या पोरीला?"

"पत्र जिच्यासाठी लिवलंव तिला. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी मोबाइल बघून बस धरली म्हनं. मोबाइल तर तिच्याकडं बी असंल की."

"सासू आली होती ना बरोबर. सगळं तिनं सांगितलं."

"सासूचं न्हाई इचारलं मी."

उद्धवराव कालची खोली आठवू लागले. दारापाशी उभी असलेली तेजल, तिच्या बोटाला गुंडाळलेली दोरी, जिन्यावर गवराबाईंच्या मागून उतरणारी तिची पावलं. माळवाडीतल्या बहुतेक माणसांचे आवाज त्यांना पाठ होते. कुणी फोन केला की नाव सांगायच्या आधीच ते ओळखायचे. तेजलचा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता.